बिनकूलरचा उन्हाळा

डॉली आमच्या घरी आली तेव्हा तिच्यासोबत सूचनांचा एक कागदही आला होता. बाबा कापसाच्या ज्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कामाला होते तिथले मॅनेजर साहेब बदली होऊन दूर दक्षिणेत गेले, आणि जाताना आपली पांढरीशुभ्र पामेरियन कुत्री बाबांच्या हवाली करून गेले. कुत्री एवढीशी, पण थाट मोठा. कागदावर साहेबांच्या बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: सकाळ-संध्याकाळ दूध, एक दिवसाआड उकडलेलं अंडं, रविवारी शांपूने आंघोळ, नंतर अंगाला पावडर, वर्षातून एकदा इंजेक्शन. आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा ओढून, 'हिला उष्णता सहन होत नाही.' आईने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "मले तरी कुठी सहन होते? माह्यासाठी कोनी चिठ्ठी नाही लेहून देल्ली." पण त्याच संध्याकाळी तिने आपल्या जुन्या लुगड्याची चौघडी करून डॉलीला अंथरूण केलं. आईचं असंच होतं. तोंडाने फटकळ, आणि हात मात्र तोंडाचं कधी ऐकायचे नाहीत.

बाबा ग्रेडर होते. गाडीतून आलेल्या कापसाची चिमूट घ्यायची, दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून हलकेच ओढायची, आणि तार किती लांब, किती मजबूत ते सांगायचं. त्यांच्या शब्दावर मालाचा भाव ठरायचा. घरीही त्यांची बोटं स्वस्थ बसत नसत. आई देवाच्या वाती वळायला कापूस घेऊन बसली की त्यातली चिमूट ओढून म्हणायचे, "आखूड तारेचा हाय. देवाले काय, चालते." डॉली आली त्या दिवशी त्यांनी तिलाही तसंच तपासलं. मानेपाशी केस बाजूला सारून, डोळे मिटून बराच वेळ बोटं फिरवली आणि म्हणाले, "दोन थर हायेत हो हिच्या अंगावर. वरचा राठ, लांब तारेचा. आतला पाह्य, नुसतं रेशीम. पहिल्या नंबरचा माल." मी तेव्हा सातवीत असेन. घरात आम्ही तिघंच होतो, त्यामुळे डॉली आली आणि मला पहिल्यांदाच कोणावर तरी दादागिरी करायला मिळाली. ती शाळेच्या दप्तरावर डोकं ठेवून झोपायची. मी संस्कृतची रूपं पाठ करायला लागले की ती जांभई द्यायची, आणि मला तिचं मत पटायचं.

अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्या माणसाला सांगू नये, त्याला आपण बढाया मारतो असं वाटतं. चैत्र लागला की दुपारी गल्लीत चिटपाखरू नसायचं. बाहेर पडणारा प्रत्येक माणूस डोक्याला, कानाला, नाकाला दुपट्टा गुंडाळून निघे आणि खिशात कांदा ठेवी. आई पळसाची फुलं भिजत घालून त्या पाण्याने मला आंघोळ घालायची. आमच्या मधल्या खोलीच्या खिडकीत पत्र्याचा कूलर होता, बाबांनी लोहारगल्लीतून बनवून आणलेला. त्याच्या ताट्या वाळ्याच्या होत्या. पंखा सुरू झाला की आधी तो घरघरायचा, मग पाणी ठिबकायला लागायचं, आणि पाचेक मिनिटांनी ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरायचा. जेवणं झाली की आम्ही तिघं जमिनीवर सतरंजी टाकून पडायचो. डॉली कूलरच्या थेट समोर, चारी पाय पसरून, पोट फरशीला चिकटवून. ती आमच्याआधी जागा धरायची, आणि आई दर दुपारी तिला "सरक वं, मालकीणबाई" म्हणून पायाने ढोसायची. अशा दोन उन्हाळ्यांनंतरचा उन्हाळा मला सांगायचा आहे.

होळी झाल्यावर बाबांची नोकरी गेली. जिनिंगच्या मालकांनी कारखाना विकला, आणि नव्या मालकाला यंत्रं हवी होती, माणसं नको होती. पण 'नोकरी गेली' हे शब्द आमच्या घरात कधी उच्चारले गेले नाहीत. बाबा म्हणायचे, "जिनिंग बंद हाय." आता जिनिंग दर उन्हाळ्यात बंदच असतं, कापसाचा हंगाम संपला की सरकी काढणारे रेचे थांबतात, हे सगळ्या अकोल्याला माहीत. त्यामुळे शेजारी विचारत, "कसं काय भाऊ, घरीच?" आणि बाबा म्हणत, "बंद हाय सध्या," आणि खोटंही बोलले जात नसे. फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं की बाबा बारमाही पगारी होते, उन्हाळ्यातही रोज ऑफिसात जायचे, आणि ह्या वर्षी दिवाळीत रेचे सुरू झाले तरी त्यांना कोणी बोलावणार नव्हतं.

मग घर आवळायला सुरुवात झाली. पेपर बंद झाला. दूध निम्मं झालं. गॅसची टाकी पाहुण्यांसाठी राखून ठेवली आणि आई मागच्या अंगणात चुलीवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळून स्वयंपाक करू लागली. भाताच्या जागी ज्वारीच्या कण्या आल्या, वरण इतकं पातळ झालं की त्यात आपला चेहरा दिसावा. मला कण्या आवडत, हे मी मुद्दाम मोठ्याने सांगायची. ट्यूबलाइट काढून झिरोचा बल्ब लावला. आणि रामनवमीच्या सुमारास, ऊन तापायला लागलं तेव्हा, बाबा एका दुपारी स्टुलावर चढले आणि कूलरच्या बोर्डातला फ्यूज काढून त्यांनी कपाटात ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती बोलली नाही म्हणूनच मला पहिल्यांदा भीती वाटली.

ह्या सगळ्यात बाबांचा आवाज हळूहळू कमी झाला. आधी भाजी कोणती आणायची इथपासून माझ्या परीक्षेपर्यंत सगळ्यात त्यांचं मत असायचं, आणि ते ऐकवल्याशिवाय ते राहत नसत. आता कोणी काही विचारलं की म्हणायचे, "पाहा बुवा, तुमाले जमन तसं." जो माणूस हजारो गाड्यांच्या कापसावर एका चिमटीत निकाल द्यायचा, तो घरात वांगं आणावं की कोबी हेही ठरवेना. मला तेव्हा वाटलं, बाबा प्रेमळ झाले. आज कळतं ते काय होतं. मागच्या महिन्यात पुण्याहून माझ्या मुलाचा फोन आला, कंपनीने त्यालाही घरी बसवलंय. "आई, काळजी करू नको, खर्च कमी केलेत, कुत्र्याचं खाणंही साधं केलंय," असं तो हसत हसत सांगत होता. मी विचारलं, आता पुढे काय करायचं ठरवलंस? तर म्हणाला, "बघू, तुझी सून म्हणेल तसं." ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. फोन ठेवल्यावर मी हे लिहायला बसले.

चैत्राच्या शेवटी अमरावतीहून मावशी आली. मावशी आईची मोठी बहीण, आणि आमच्या घरातली अवघड गोष्ट बोलून टाकण्याचं काम नेहमी तिच्याकडेच असायचं. जेवताना तिने सगळं पाहिलं, पातळ वरण, बंद कूलर, ताटाजवळ जीभ काढून धापा टाकणारी डॉली. हात धुतल्यावर ती सरळ म्हणाली, "आमच्या बाजूले वकीलसाहेब राह्यतात ना, त्यायच्या बायकोले असंच कुत्रं पाह्यजे. मूलबाळ नाही बिचारीले. दिवसभर कूलर चालू राह्यते त्यायच्या घरी. द्या हे त्यायले. तुमच्या डोक्याचा ताप कमी, अन् मुक्या जनावराचेही हाल नाहीत."

आई पदराने तोंड पुसत म्हणाली, "मी काय म्हनू? आपल्याले कण्या अन् हिले अंडं, हे मले दिसून राह्यलं. पन..." आणि ती त्या 'पन'च्या पुढे गेली नाही.

मावशीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "वंदूले इचारा," ते म्हणाले. "तिची हाय कुत्री. ते म्हनन तसं."

आई-बापांनी असा निर्णय चौदा वर्षांच्या मुलीवर सोडू नये. पण तेव्हा मला तो माझा मोठा मान वाटला. मी डॉलीला उचलून छातीशी धरलं. तिचं अंग भट्टीसारखं तापलेलं होतं, आणि ती माझी हनुवटी चाटत होती. मी म्हणाले, "नाही द्यायची. तिला काही लागणार नाही. दूध नको, अंडं नको, काहीच नको. आपण खातो ते खाईल. तिचा एक पैशाचाही भार पडू देणार नाही मी." मावशी म्हणाली, "पोरी, तू तिले उपाशी ठेवशील, पन उन्हाचं काय करशील?" मी म्हणाले, करते काहीतरी. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत गेली. जाताना तिने आईला बाजूला घेऊन सांगितलं की वकीलबाई वाट पाहतील, मन बदललं तर कळव.

मी वचन पाळलं. माझ्या वचनांची मला फार घमेंड होती. दूध बंद केलं, त्याऐवजी ताकाच्या पाण्यात भाकरी कुस्करून देऊ लागले. पहिले दोन दिवस डॉलीने वाडग्याकडे पाठ फिरवली, तिसऱ्या दिवशी खाल्लं, आणि मी जिंकल्यासारखी नाचले. शांपूऐवजी रिठे. पावडरीऐवजी कडुनिंबाचा पाला. इंजेक्शन पुढच्या वर्षी. आईने एकदा माझ्या नकळत तिला आपल्या चहातलं दूध पाजलं, ते मी पकडलं आणि आईला चक्क रागावले. आई ओशाळून हसली. "बरं बाई, चुकलं माहं," म्हणाली. आजही ते आठवलं की माझे कान तापतात.

राहिलं ऊन. ते मात्र मला ऐकेना. नळ आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळे डॉलीवर पाणी ओतत बसण्याची सोय नव्हती. दुपारी ती ह्या खोलीतून त्या खोलीत गार फरशी शोधत हिंडायची, न्हाणीघरातल्या मोरीत जाऊन बसायची, जीभ जमिनीला टेकेल इतकी बाहेर. रात्रीही आम्हाला धड झोप नव्हती, भिंती पहाटेपर्यंत ऊन ओकत राहायच्या. अशाच एका दुपारी आई माळ्यावर रजया टाकत होती. आमच्याकडे कापसाला तोटा नव्हता, त्यामुळे रजया चांगल्या जाडजूड होत्या. त्या पाहता पाहता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उन्हाळ्यात आपण रजई काढून ठेवतो. डॉली मात्र बिचारी चोवीस तास रजई पांघरून बसलीय. तिची रजई काढली की झालं, कूलरची गरजच काय?

कापसाच्या घरातल्या मुलीलाच असा विचार सुचावा. आईला तो पटला. शेजारच्या काकूंना पटला. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसले होते आणि डॉली त्यांच्या पायाशी होती. त्यांनी वाकून तिच्या मानेतल्या केसांत बोटं घातली, पहिल्या दिवशी घातली होती तशीच. मग म्हणाले, "दोन थर हायेत. देवानं काही पाहूनच देल्ले असतीन..." मी म्हणाले, "बाबा, उन्हाळ्यात कोणी रजई घेतं का?" त्यांनी बोटं काढून घेतली. "बरं. पाहा तुमाले जमन तसं," ते म्हणाले. त्यांच्या बोटांना कळलं होतं. पण त्या वर्षी बाबांनी आपल्या बोटांवर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं.

गावाबाहेर पातूरच्या रस्त्याला एका वावरात मेंढरं बसली होती. सकाळी सकाळी मी डॉलीला पिशवीत घालून तिथे घेऊन गेले. म्हातारे धनगरबाबा कातर घेऊन बसले होते, समोर लोकरीचा ढीग. त्यांनी डॉलीला उलटसुलट करून पाहिलं आणि हसले. "मेंढराले उनायात आमी कातरतोच, बाई. पन हे मेंढरू नोहे. हे साहेबाचं कुत्रं. याचं मले समजत नाही." मी हट्ट धरला. घरच्यांनी सांगितलंय, म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि फार हलक्या हाताने, कुठेही न कापता, तिचे केस पार कातड्यापर्यंत उतरवले. पैसे घेतले नाहीत. खालून निघालेली डॉली गुलाबी, हडकुळी, उंदरासारखी दिसत होती. गल्लीतल्या पोरांनी हसून हसून लोळण घेतली. आई म्हणाली, "अगं बाई, एवढीशीच होती का हे?" पण डॉली खूश होती. दोन दिवस ती घरभर उड्या मारत होती. तिसऱ्या दिवशी मी मावशीला पत्र टाकलं की डॉलीला आता कूलरची मुळीच गरज नाही, वकीलबाईंना दुसरं कुत्रं पाहायला सांग.

पत्र टाकून चार-पाच दिवस झाले असतील. शाळेला सुट्टी होती. सकाळी खोलीत उकडायला लागलं म्हणून मी डॉलीला मागच्या अंगणात कडुनिंबाखाली बांधलं, पाण्याचं वाडगं ठेवलं, आणि आईसोबत वड्या घालायला गच्चीवर गेले. वड्या घालून झाल्यावर काकूंशी गप्पा झाल्या. मी खाली आले तेव्हा सावली सरकून भिंतीवर गेली होती आणि डॉली उन्हात आडवी पडली होती. वाडगं उपडं झालेलं. तिची कातडी पाठीवर लालभडक झाली होती आणि श्वास इतका भराभर चालला होता की पोट थरथरल्यासारखं दिसत होतं. मी ओरडले. बाबा धावत आले. त्यांनी ओलं पोतं घेतलं, डॉलीला त्यात गुंडाळलं, मला सायकलवर पुढे बसवलं, तिला माझ्या मांडीवर दिलं, आणि भर उन्हात, डोक्याला काही न बांधता, ते जनावरांच्या दवाखान्याकडे निघाले. इतक्या जोरात सायकल हाकताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी डॉलीला इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, आणि तिच्या पाठीवरून बोट फिरवत विचारलं, "हे कोनं केलं?" मी म्हणाले, मी. उकडतं म्हणून. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते बाबांकडे वळून म्हणाले, "भाऊ, तुमी उन्हात निघाले की डोक्याले दुपट्टा बांधता का काढून ठेवता?" बाबा खाली पाहू लागले. "हे केस म्हनजे हिचा दुपट्टा होता. ऊन आत येऊ देत नव्हता." मग माझ्याकडे पाहून जरा मऊ आवाजात, "घरी न्या. एकदम गार ठेवा. आजची दुपार काढली तर वाचन."

घरी आल्याबरोबर बाबांनी कपाट उघडलं, स्टुलावर चढले आणि फ्यूज बसवला. कूलर घरघरला, पण टाकी कोरडी ठणठणीत होती. ताट्यांतून नुसती गरम हवा आणि धूळ आली. नळ यायला अजून दोन दिवस होते. पिंपात तळाशी पाणी होतं तेवढं बाबांनी ओतलं, ते ताट्यांनी शोषून घेतलं. तेव्हा आई स्वयंपाकघरात गेली आणि प्यायच्या पाण्याचा माठ दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. मग कळशी. मग देवापुढचा तांब्यासुद्धा. सगळं तिने कूलरमध्ये ओतलं. "आपन मागून आनू शेजारून," एवढंच म्हणाली. पाणी ठिबकायला लागलं, वाळा भिजला, आणि महिनाभरात पहिल्यांदा आमच्या घरात गार वारा आला.

डॉलीला आम्ही कूलरसमोर ओल्या चादरीवर ठेवलं. बाबा तिचं डोकं पुसत होते, आई कापसाच्या बोळ्याने तिच्या तोंडात थेंब थेंब पाणी पिळत होती. अर्ध्या-पाऊण तासाने तिचा श्वास जरा संथ झाला. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि शेपटीचं टोक हललं. ते मी पाहिलं, मला भास झाला नव्हता. बाबा म्हणाले, "वंदू, तू बस इच्याजवय. हात ठिव अंगावर. श्वास बदलला की मले आवाज दे. मी पान्याचं पाहून येतो." आईही घागर घेऊन काकूंकडे गेली. मी डॉलीशेजारी आडवी झाले, तिच्या फासळ्यांवर तळवा ठेवला, आणि मनात म्हणू लागले की ही वाचली की मी स्वतः तिला एसटीत बसवून अमरावतीला पोचवून येईन, वकीलबाईंच्या पायाशी ठेवीन, परत कधी मागणार नाही. हे मी कितीदा म्हटलं मला आठवत नाही. वारा गार होता, वाळ्याचा वास येत होता, आणि तिचा श्वास माझ्या हाताखाली वर-खाली होत होता.

जागी झाले तेव्हा दारातलं ऊन पिवळं झालं होतं. कूलर चालूच होता. माझ्या अंगावर आईची साडी पांघरलेली होती, आणि हाताखाली फक्त ओली चादर. मी उठून मागच्या दाराला गेले. बाबा कडुनिंबाखाली बसले होते, बाजूला फावडं, कोपरापर्यंत माती. त्यांनी माती सारखी करून वर काटे टाकले होते, जनावरांनी उकरू नये म्हणून.

मी विचारलं, "मला का नाही उठवलं?"

बाबांनी बराच वेळ हात झटकले. माती काही निघेना.

"आलो तेव्हा गेलीच होती ते," ते म्हणाले. "तुह्या हाताखालीच. तुले पाह्यलं, तर तू गाढ झोपलेली. कितीक दिवसाची झोप नव्हती तुह्या डोयाले. गार लागून राह्यलं होतं तुले. मी अन् तुही माय दोघंही उभे होतो दारात. म्हटलं, झोपू द्या पोरीले."

पुढे बाबांना अमरावतीला एका सरकीच्या पेढीवर काम मिळालं, आम्ही तिकडे गेलो, वकीलबाई मला रस्त्यात कितीदा तरी भेटल्या. लोकांना मी डॉलीची गोष्ट सांगते तेव्हा केसांपर्यंत सांगते, डॉक्टरांच्या दुपट्ट्यापर्यंत सांगते, तिथे लोक हळहळतात आणि मी थांबते. त्या दुपारी मला झोप लागली होती, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आणि ती झोप त्या सबंध उन्हाळ्यातली सगळ्यात सुखाची होती.